स्कॅनरमध्ये शेअर येतो तोवर चाल संपलेली असते: उशीर नेमका कुठे होतोय ते कसं शोधायचं

सकाळी १० वाजून ६ मिनिटांनी लॅपटॉप टुंग करतो. स्कॅनरच्या, म्हणजे आपण दिलेल्या अटींत (कंडिशनमध्ये) बसणारे शेअर शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, यादीत एक नवा शेअर वर आलेला असतो, दिवसाचा उच्चांक तोडल्याच्या खुणेसह. चार्ट उघडायला पाच-सहा सेकंद जातात आणि समोर दिसते ती डोक्यापर्यंत वाढलेली हिरवी कॅन्डल (ठरावीक मिनिटांतली भावाची चाल दाखवणारा चार्टवरचा उभा ठोकळा). जो शेअर ४१२ ला घ्यायचा होता तो ४१६ वर. धीर करून घेतला की तिथूनच परत ४१३. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधीच लावलेली विक्रीची ऑर्डर, उडतो. आपण बाहेर पडल्यावर तो ४१९ ला जातो हे तर ठरलेलंच.

दुसरा प्रकार वेगळाच. अलर्ट वेळेवर येतो, आपण नावावर क्लिक करतो आणि परत यादीकडे बघतो तर शेअर गायब. संध्याकाळी चार्टवर शोधलं तर तिथे ब्रेकआउट (भाव पातळी तोडून वर जाणं) झाल्याचा मागमूसही नाही. आपल्याला भास झाला की काय असं वाटतं.

माझ्याकडे हे दोन्ही प्रकार जवळजवळ दोन वर्षं चालू होते. त्या काळात मी तीन स्कॅनर बदलले, दर वेळी महिन्याचे पैसे आधीपेक्षा जास्त. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तेही रोज सव्वानऊला बसतात. चौथा स्कॅनर घेऊ का म्हणून त्यांना विचारायला गेलो.

"उशीर होतो म्हणतोस. किती होतो?"

"बराच होतो, काका."

"बराच म्हणजे किती? आमच्या काउंटरवर येऊन 'बरीच रक्कम द्या' म्हणाला असतास तर मी काय मोजलं असतं?"

मोजलं नव्हतंच. पुढचे पंधरा दिवस मोजलं आणि कळलं की तिन्ही स्कॅनर बिचारे आपापल्या परीने बरोबर होते. गोंधळ माझ्या कंडिशनमध्ये होता, थोडा ब्राउझरमध्ये होता आणि उरलेला माझ्यात. म्हणून खाली जे लिहितोय ते स्कॅनर बदलण्याआधी करून बघा.

आधी तीन वेळांची नोंद करा

वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात पातळी खरोखर कधी तुटली ती वेळ. दुसऱ्यात स्कॅनरचा अलर्ट कधी वाजला. तिसऱ्यात आपली ऑर्डर कधी गेली. तिन्ही वेळा सेकंदांसकट हव्यात.

दुसरा आणि तिसरा रकाना सोपा आहे, अलर्टच्या इतिहासात आणि ऑर्डर बुकात वेळ असते. पहिल्यासाठी एक युक्ती करायची. दहा वाजता जे दोन-तीन शेअर उच्चांकाच्या जवळ घुटमळत असतील, त्यांच्या त्याच किमतीवर ब्रोकरच्या ॲपमध्ये साधा प्राइस अलर्ट लावून ठेवायचा. हा अलर्ट ब्रोकरच्या सर्व्हरवर चालतो, त्यामुळे आपल्या लॅपटॉपचं काहीही बिघडलेलं असलं तरी त्याची वेळ विश्वासाची असते.

दहा-पंधरा ओळी झाल्या की आकडे बोलायला लागतात. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातला फरक दर वेळी सारखाच असेल, म्हणजे कायम पंधरा मिनिटं किंवा कायम एक मिनिट, तर डेटा प्लॅन बघा. सगळे अलर्ट १०:१०, १०:१५, १०:४० असे पाचाच्या पाढ्यात येत असतील तर कंडिशन बघा. कधी तीन सेकंद, कधी दोन मिनिटं असा काही धरबंद नसेल तर ब्राउझर, नेट, फोन. आणि फरक दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यात असेल तर आरसा बघा. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

कायम तेवढाच उशीर

हे सगळ्यात पटकन सुटतं. एनएसई आपला डेटा फुकट वाटत नाही. रिअल टाइम, ठरावीक मिनिटांनी मिळणारा स्नॅपशॉट, उशिराचा आणि दिवसाअखेरचा असे वेगवेगळे प्रकार ती वेगवेगळ्या दराने विकते. रिअल टाइममध्येही पायऱ्या आहेत: पहिलीत फक्त सर्वांत वरची बोली, दुसरीत पाच पातळ्यांपर्यंतची, तिसरीत वीस पातळ्यांपर्यंतची, आणि त्याच्याही वर प्रत्येक ऑर्डर न् ऑर्डर दाखवणारा टिक बाय टिक. स्कॅनरच्या फुकट प्लॅनमध्ये बहुधा उशिराचा डेटा असतो आणि तसं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं.

खरी फसगत होते ती "रिअल टाइम" या शब्दाने. स्कॅनरला दोन घड्याळं असतात. किमती किती वेळाने येतात हे एक, आणि कंडिशन किती वेळाने तपासली जाते हे दुसरं. किमती सेकंदाला येत असतील पण स्कॅन मिनिटाला एकदाच धावत असेल, तरी जाहिरातीत रिअल टाइम म्हणायला कुणाची हरकत नसते. पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्न हा दुसरा: स्कॅन किती सेकंदांनी धावतो?

पडताळायला स्टेट बँकेसारखा सतत हलणारा शेअर घ्या. स्कॅनरचा भाव आणि ब्रोकरच्या मार्केट वॉचमधला भाव शेजारी ठेवून दोन मिनिटं बघा. पैशापैशाने जुळणार नाहीत, कारण ब्रोकरकडून आपल्याला येतं तेही क्षणचित्रच असतं. पण एक भाव दुसऱ्याच्या मागे मिनिटभर रेंगाळत असेल तर डोळ्यांना लगेच कळतं.

पाचाच्या पाढ्यात येणारे अलर्ट, आणि गायब होणारे

या दोन्हींचं मूळ एकच आहे. कंडिशन चालू कॅन्डलवर लावली आहे की पूर्ण झालेल्या, हे आपण ठरवलेलंच नसतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्कॅनरमध्ये शून्य म्हणजे चालू कॅन्डल आणि उणे एक म्हणजे तिच्या आधीची, पूर्ण झालेली. कंडिशन लिहिताना हा छोटासा आकडा समोरच असतो, पण तिथे जे आधीपासून भरलेलं असतं तेच आपण पुढे ढकलतो.

वरच्याच शेअरचं उदाहरण घेऊ. दिवसाचा उच्चांक ४१२. १०:०५ ला पाच मिनिटांची नवी कॅन्डल ४१०.२० ला सुरू झाली. १०:०६:१० ला भाव ४१२.४०. चालू कॅन्डलचा "क्लोज" म्हणजे त्या क्षणाचा शेवटचा भाव, दुसरं काही नाही. त्यामुळे "क्लोज ४१२ च्या वर" ही कंडिशन तिथल्या तिथे खरी ठरली आणि अलर्ट वाजला. १०:०७ ला भाव ४११.६०, कंडिशन खोटी, शेअर यादीतून बाहेर. १०:१० ला कॅन्डल ४११.१० ला बंद झाली. आता चार्टवर फक्त वरची एक शेंडी दिसते. भास झालेला नसतो. ब्रेकआउट खरंच झाला होता, पन्नास सेकंदांपुरता.

उलट बाजूने, तीच कंडिशन उणे एकवर लावली तर तिचा निकाल कॅन्डल संपल्यावरच लागणार. भाव १०:०५:२० ला तुटला असेल तरी अलर्ट १०:१० लाच. म्हणजे पावणेपाच मिनिटांचा उशीर आपण स्वतःच मागून घेतलेला असतो. यातला कुठलाच प्रकार बिघाड नाही. पहिल्यात फसवे अलर्ट जास्त, दुसऱ्यात उशीर जास्त, आणि तिसरा पर्याय कुठल्याच किमतीला विकत मिळत नाही. बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या डेटावर घेतलेली कंडिशनची चाचणी, इतकी गोजिरी का दिसते याचं उत्तरही इथेच आहे: जुन्या डेटात सगळ्या कॅन्डल पूर्ण झालेल्या असतात, त्या पन्नास सेकंदांच्या चुका तिथे नसतातच.

आणखी एक चूक मी वर्षभर केली. मी लिहिलं होतं, "क्लोज दिवसाच्या उच्चांकापेक्षा मोठा". ही कंडिशन कधीच खरी होऊ शकत नाही, कारण दिवसाच्या उच्चांकात आत्ताचा भावही धरलेला असतो. भाव ४१२.४० झाला की उच्चांकही ४१२.४०. यादी रिकामी येते म्हणून मी "मोठा किंवा समान" केलं, तर थेट उच्चांकावर बसलेले सगळेच शेअर आत आले, सव्वानऊला उघडून नुसते वर पळणारेसुद्धा. हवा असतो तो *मागच्या कॅन्डलपर्यंतचा* उच्चांक. तुमच्या स्कॅनरमध्ये त्याला काय म्हणतात ते शोधून काढा, अर्धा कचरा तिथेच जाईल.

सकाळी ९:१६ ला उणे एक म्हणजे काय, हाही विचार करा. कालची ३:२५ ची कॅन्डल! पहिल्या पाच मिनिटांत भलतेच शेअर येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मी अशा स्कॅनला ९:२० नंतरच चालू हो असं वेळेचं बंधन घातलंय. आणि हो, कॅन्डलचं नाव. आपल्या बहुतेक चार्टवर "१०:०५ ची कॅन्डल" म्हणजे १०:०५ ला सुरू झालेली, पण काही ठिकाणी १०:०५ ला संपलेली. दोन प्लॅटफॉर्म शेजारी ठेवून पाच मिनिटांचा उशीर शोधत बसलेल्या एकाला मी हे सांगितल्यावर तो दोन मिनिटं गप्प होता.

मग मी काय केलं? ब्रेकआउट शोधायचं काम स्कॅनरकडून काढूनच घेतलं. आता माझा स्कॅन विचारतो की मागच्या कॅन्डलपर्यंतच्या उच्चांकाच्या अर्ध्या टक्क्यात कोण आलंय. ४१२ चा उच्चांक असेल तर ४०९.९० च्या आसपास तो यादीत येतो, चाल सुरू व्हायच्या पाच-दहा मिनिटं आधी. त्या वेळी मी निवांत चार्ट बघतो, कालच्या पातळ्या बघतो, पटलं तर ४१२ वर ब्रोकरचा प्राइस अलर्ट लावतो. स्कॅनरचं काम पाहुणा गल्लीत शिरलाय हे सांगण्याचं; दार उघडायचं की नाही ते चार्ट बघून.

व्हॉल्यूमच्या कंडिशनमुळे होणारा उशीर

"आजचा व्हॉल्यूम वीस दिवसांच्या सरासरीपेक्षा जास्त" ही कंडिशन निम्म्या तयार स्कॅनमध्ये असते. दिसायला शहाणी, पण इंट्राडेला, म्हणजे घेऊन त्याच दिवशी विकायला, निरुपयोगी. समजा एका शेअरची रोजची सरासरी २० लाख आहे. आज त्यात खरोखरच काहीतरी शिजतंय आणि पावणेदहापर्यंत ६ लाख शेअर फिरलेत. हे जबरदस्त आहे, पण कंडिशन अजून खोटीच, कारण अर्ध्या तासाची तुलना आपण पूर्ण दिवसाशी करतोय. ती खरी होईल दुपारी दीडला, जेव्हा शेअर चार टक्के वर जाऊन दमलेला असेल. "माझा स्कॅनर नेहमी शेवटी सांगतो" म्हणणाऱ्या माणसाची कंडिशन मी सगळ्यात आधी इथे तपासतो.

याची उलटी चूक म्हणजे चालू पाच मिनिटांचा व्हॉल्यूम मागच्या वीस कॅन्डलच्या सरासरीशी ताडणं. सकाळी ९:२० ला मागच्या वीस कॅन्डल म्हणजे काल दुपारी पावणेदोन-दोननंतरच्या. बाजारात गर्दी सकाळी उघडताना आणि दुपारी बंद होताना असते, मधला वेळ सुस्त. त्यामुळे सकाळच्या पहिल्या कॅन्डलला जवळजवळ प्रत्येक शेअर "व्हॉल्यूम उसळला" म्हणून हजर.

दोन्हीवर उपाय एकच: त्या वेळेची तुलना त्याच वेळेशी. आजची पहिली कॅन्डल मागच्या दहा दिवसांच्या पहिल्या कॅन्डलशी. सोय नसेल तर ढोबळ हिशेब चालतो. मी पावणेदहाला रोजच्या सरासरीचा चौथा भाग झालाय का तेवढं बघतो.

स्कॅनरचा आकडा आणि चार्टचा आकडा जुळत नाही

ही तक्रार ईएमएच्या, म्हणजे ताज्या भावांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीच्या, बाबतीत सगळ्यात जास्त येते. २०० चा ईएमए मोजायला २०० कॅन्डल पुरतात असं वाटतं, पण ईएमए जिथून मोजायला सुरुवात केली त्या पहिल्या आकड्याचं वजन २०० कॅन्डलनंतरही सुमारे साडेतेरा टक्के शिल्लक असतं. ६०० कॅन्डल झाल्या की ते नगण्य होतं. पाच मिनिटांच्या दिवसाला ७५ कॅन्डल, म्हणजे किमान आठ दिवसांचा डेटा मागे हवा. स्कॅनर तीन दिवसांवर मोजत असेल आणि चार्ट महिनाभरावर, तर दोघांच्या रेषा वेगळ्या येणारच. सुपरट्रेंड या इंडिकेटरमध्येही मागचा आकडा पुढच्यात मुरत जातो, तिथेही हाच मामला.

तासाच्या कॅन्डलचं तर विचारूच नका. आपला बाजार ९:१५ ते ३:३०, एकूण ३७५ मिनिटं. साठाने भाग जात नाही. सहा पूर्ण कॅन्डल आणि शेवटी पंधरा मिनिटांचं शेपूट उरतं. त्यात कुणी तास ९:१५ पासून मोजतो, कुणी ९:०० पासून. ७५ मिनिटांची कॅन्डल आपल्याकडे इतकी लाडकी आहे ती यामुळेच, दिवसाचे बरोबर पाच तुकडे पडतात.

आणि एखाद्या सकाळी एखादा दिग्गज शेअर "५० टक्के घसरला" म्हणून यादीत आला तर घाबरण्याआधी बोनस किंवा स्प्लिट बघा. रिलायन्सचा एकास एक बोनस २८ ऑक्टोबर २०२४ ला बाजारभावात उतरला, एचडीएफसी बँकेचा २६ ऑगस्ट २०२५ ला, कारण २७ ला गणेश चतुर्थीची सुट्टी होती. अशा दिवशी भाव निम्मा होतो आणि शेअर दुप्पट, खिशाला काही फरक पडत नाही. पण स्कॅनरचा जुना डेटा सुधारला गेला नसेल तर त्या शेअरचे सगळे सरासरीचे आकडे पुढचे कित्येक दिवस बिघडलेले राहतात. मी अशा शेअरला चक्क यादीतून वगळतो.

कसलाच धरबंद नसलेला उशीर

वहीत मला एक विचित्र गोष्ट दिसली. काही दिवशी अलर्ट दोन-तीन सेकंदांत यायचा. काही दिवशी मिनिटाच्या आसपास उशीर, आणि त्या दिवसांच्या अलर्टचे सेकंद बघितले तर १०:०६:३८, १०:१९:३८, १०:४१:३८. भाव काही दर मिनिटाला अडतिसाव्या सेकंदालाच तुटत नाहीत. म्हणजे कुणीतरी मिनिटाला एकदाच डोळे उघडत होतं.

तो कुणीतरी म्हणजे ब्राउझर. क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, जो टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ नजरेआड आहे आणि आवाजही करत नाही, त्याच्यातली ठरावीक वेळाने चालणारी कामं मिनिटाला एकदाच चालवली जातात. बॅटरी वाचावी म्हणून. जो स्कॅनर दर पाच सेकंदांनी पान ताजं करतो तो असा टॅब मागे गेला की आपोआप मिनिटाचा होतो. मी ज्या दिवशी चार्ट मोठा करून बसायचो त्या दिवशी उशीर, ज्या दिवशी यादी समोर असायची त्या दिवशी नाही. आणि वेगळी विंडो केली म्हणून सुटका नाही: विंडोजवर एक विंडो दुसरीने पूर्ण झाकली तर क्रोम तिलाही नजरेआड धरतो. स्कॅनरची विंडो थोडी तरी उघडी दिसली पाहिजे. मी ती उजव्या कडेला बोटभर पट्टी ठेवलीय, चार्ट उरलेल्या जागेत. सोबत मेमरी सेव्हरमध्ये त्या साइटला "कायम सुरू ठेवा" यादीत टाका, नाहीतर ब्राउझर टॅब झोपवूनच टाकतो. दोन वर्षांचा त्रास, दहा मिनिटांचं काम. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू.

फोनवर अलर्ट घेणाऱ्यांनी बॅटरी ऑप्टिमायझेशन बघावं. स्क्रीन बंद असताना अँड्रॉइड ॲपना झोपवतं आणि साठलेले संदेश नंतर एकदम येतात. तीन अलर्ट एकाच क्षणी वाजले तर समजा हेच झालंय.

घड्याळही तपासा. स्वतः कॅन्डल बनवणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपची वेळ वापरत असेल आणि ती वेळ सात सेकंद मागे असेल, तर कॅन्डलच्या सीमेवरचे सौदे चुकीच्या कॅन्डलमध्ये पडतात. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये "आत्ता जुळवा" असं बटण असतं, रोज सकाळी एकदा दाबायचं.

आणि लाइट. आमच्याकडे दिवसातून एकदा तरी दोन सेकंदांसाठी जातेच. लॅपटॉप बॅटरीवर असल्याने आपल्याला पत्ताही लागत नाही, पण राउटर बंद होऊन परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. स्कॅनरचं पान कुठलीही तक्रार न करता जुने आकडे दाखवत बसतं, अगदी शांतपणे. म्हणून यादीत निफ्टीचा भाव कायम दिसेल असा ठेवावा. तो दहा सेकंद हलला नाही तर तार कुठेतरी तुटली आहे. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, त्याने हे प्रकरण मिटतं.

निफ्टीचाच भाव सगळीकडे गोठला असेल तर मात्र आपली खिटखिट थांबवावी. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईवरचे व्यवहारच सकाळी ११:४० ला थांबले होते आणि ३:४५ ला सुरू होऊन ५ पर्यंत चालले. त्या दिवशी राउटर बंद-चालू करणारे कमी नव्हते.

अलर्ट बरोबर, पण ऑर्डरच लागत नाही

थोडक्यात सांगतो. शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवशी परवानगी असलेल्या कमाल भावाला, असेल तर विकणारा कुणी नसतो. २, ५, १०, २० टक्क्यांच्या पट्ट्यातले शेअर स्कॅनमध्ये दिमाखात वर येतात आणि उपयोग शून्य. बीई मालिकेतल्या शेअरमध्ये डिलिव्हरी सक्तीची, इंट्राडे चालत नाही. एएसएम, जीएसएमसारख्या देखरेख यादीतल्यांना मार्जिन जास्त लागतं. कुठल्या एक्सचेंजचा चार्ट आणि कुठे ऑर्डर हेही बघा, अलर्ट एनएसईचा आणि ऑर्डर बीएसईवर असं घाईत होतं. या सगळ्यावर माझा उपाय आळशी आहे: स्कॅन फक्त फ्युचर्स असलेल्या शेअरवर चालवायचा. त्यांना ठरीव सर्किट पट्टा नसतो आणि खरेदी-विक्रीतलं अंतरही कमी असतं.

तिसरा रकाना

माझ्या वहीत निम्म्या ओळींत अलर्ट आणि ऑर्डर यांच्यात चाळीस सेकंदांहून जास्त अंतर होतं. काकांनी वही चाळताना तिथेच बोट ठेवलं. त्या चाळीस सेकंदांत मी काय करत होतो? चार्ट शोधत होतो, स्टॉपलॉस ठरवत होतो आणि कॅल्क्युलेटरवर किती शेअर घ्यायचे ते मोजत होतो. आता मॉनिटरच्या खाली एक कागद चिकटवलाय. एका सौद्यात ५०० रुपयांहून जास्त घालवायचे नाहीत. स्टॉपलॉस २ रुपयांवर असेल तर २५० शेअर, ४ रुपयांवर असेल तर १२५. बस्स.

अलर्टची संख्याही तेव्हाच कमी केली. लाखाची खरेदी आणि लाखाची विक्री, दोन्हीकडे वीस-वीस रुपये ब्रोकरेज धरलं, तर एसटीटी (सौद्यावरचा कर), स्टॅम्प ड्युटी, एक्सचेंजचं शुल्क आणि जीएसटी मिळून सुमारे ८२ रुपये जातात, भाव जागचा हलला नाही तरी. दिवसाला दहा फसव्या अलर्टच्या मागे धावलं तर आठशेवर रुपये असेच. सेबीने जुलै २०२४ मध्ये २०२२-२३ या वर्षाचे आकडे काढले होते: रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांपैकी सात जण तोट्यात, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के. मी तेव्हा त्या दुसऱ्या गटात होतो. आता स्कॅनला अशी चाळणी लावलीय की दिवसाला सहा-सातच्या वर नावं येत नाहीत.

न सुटलेला एक प्रकार

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं त्या सकाळी दहाला सगळे बँक शेअर एकदम यादीत येतात, दोन मिनिटांनी सगळे बाहेर, मग परत आत. वर लिहिलेलं सगळं करूनही त्या अर्ध्या तासात माझा स्कॅनर काही कामाचा राहत नाही. कंडिशन बदलून बघितल्या, कॅन्डल मोठी करून बघितली, फरक पडला नाही. त्या दिवशी पावणेदहाला आवाज बंद करतो, काकांकडे चहाला जातो आणि साडेदहाला परत येऊन बसतो.